थाळीतून आलेलं ढेकूळ

खालच्या मजल्यावरच्या खालांच्या आणि आमच्या घरात थाळ्यांची ये-जा फार जुनी. आमच्याकडून शीरखुर्मा खाली उतरतो, त्यांच्याकडून खिचडा वर येतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी खाला थाळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वरचा रुमाल काढला तर आत सिमेंटचं ढेकूळ, आणि त्याला चिकटलेली गंजाची खपली. "रात्री शेगडीवर पडलं. तुमच्याच बाथरूमखालचं आहे," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

आम्हाला काही बोलता आलं नाही. हे असं होणार आहे, हे दोन वर्षांपूर्वी आम्हाला लेखी कळवलेलं होतं.

आमची इमारत ३४ वर्षांची. तळमजला आणि वर चार मजले, २० घरं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करावं लागतं. आमचं एकदाचं झालं. इंजिनिअर दोन दिवस फिरले. हातोडीसारख्या यंत्राने खांब ठोकून पाहिले, गच्चीवरची टाकी पाहिली, घराघरात शिरून छतं पाहिली. अहवालात आमचा शेरा होता सी-२बी. अशा इमारतींचे चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, पण दुरुस्ती ढाच्याची. सी-३ म्हणजे किरकोळ काम.

सभेत अहवाल वाचायला घेतला तेव्हा पहिला प्रश्न आला, "रिकामी करायची नाही ना?" नाही म्हटल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, समोसे आले आणि अहवाल फायलीत गेला. पुढची तीन पानं कुणी उलटलीच नाहीत. त्या पानांवर जिन्याखालचा खांब होता, कठड्यात उगवलेला पिंपळ होता, फुटलेला सांडपाण्याचा पाइप होता आणि आमच्या घराचा नंबरही होता: बाथरूमची गळती, वॉटरप्रूफिंग नव्याने करावे.

आम्ही ते वाचलं होतं. मास्तरकी करणाऱ्याला न वाचल्याचं सोंगही घेता येत नाही! गवंड्याने तेव्हा १४ हजार सांगितले होते. पण त्याच वर्षी मुलीचा निकाह होता. पाहुणे येणार म्हणून हॉलमध्ये पीओपीचं छत करून घेतलं, त्याला याच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले. हॉलच्या छताला दोन भेगा होत्या. पीओपी लागल्यावर त्या दिसेनाशा झाल्या आणि आम्हाला बरं वाटलं. खालांनी ओल दाखवली तेव्हा वरून थोडं पांढरं सिमेंट भरून दिलं.

पाणी काय करतं, ते त्या ढेकळाने दाखवलं. गळती काँक्रीटमध्ये मुरते, आतल्या सळईला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सळई आतून फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. आधी केसासारखी भेग, मग पोकळ आवाज, मग ढेकूळ. वरून प्लास्टर थापल्याने गंज थांबत नाही. काँक्रीट फोडून सळई साफ करावी लागते, गंजरोधक लावावं लागतं, मग भराव. आणि त्याआधी वरचं पाणी बंद करावं लागतं. हे सगळं अहवालात याच क्रमाने लिहिलेलं होतं.

लोक करत का नाहीत? आमच्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. इंजिनिअर घाबरवतातच. कंत्राटदाराशी त्यांचं साटंलोटं असतं. एक चाचा म्हणाले, "अल्लाह मालिक है." ते स्कूटरला मात्र दोन कुलपं लावतात. सगळ्यात मोठं उत्तर म्हणजे, "रिडेव्हलपमेंट येतंय, आता कशाला खर्च?" हे आम्ही ११ वर्षं ऐकतो आहोत. बिल्डर येतात, नकाशे दाखवतात, जातात. पाऊस मात्र दरवर्षी येतो.

भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी कोसळली, बकरी ईदच्या दोन दिवस आधी. ३३ माणसं गेली. म्हाडाने ती २०११ मध्येच धोकादायक ठरवली होती. काही कुटुंबं आधी हललीही होती. बाकीच्यांना दोष देणं आम्हाला जमत नाही. घर सोडलं तर परत मिळेल का, तोवर राहायचं कुठे, मुलांच्या शाळेचं काय, या भीती खऱ्या असतात. पण आम्हाला तर कुणी घर सोडायला सांगितलं नव्हतं. फक्त एक बाथरूम फोडायचं होतं.

ते फोडलं. नहाणी ट्रॅपचा जोड सुटलेला होता आणि खालची वीटभर ओली होती. या वेळी ३८ हजार लागले, शिवाय खालांच्या छताचा खर्च वेगळा. तो आम्ही दिला. नऊ दिवस आंघोळीला आम्ही त्यांच्याच घरी जात होतो. पहिले दोन दिवस त्या बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा ठेवला.

जिन्याखालचा खांब अजून तसाच आहे. त्याच्यासाठी प्रत्येक घराचे ६० हजार हवेत, आतापर्यंत सात घरांनी दिले आहेत. ज्यांना एकदम जमत नाही त्यांना हप्ते द्यावेत, असं आम्ही सुचवलं आहे. एक विधवा बाई आहेत, त्यांचा वाटा इतरांनी उचलावा का, यावर अजून वाद चालू आहे. रविवारी पुन्हा सभा आहे. या वेळी त्या तीन पानांच्या २० झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या दाराखालून सरकवल्या आहेत.

आणि सुट्टी लागली की हॉलचं पीओपी उतरवायचं आहे. त्या दोन भेगांचं काय झालं, ते बघायचं आहे.