युद्धनौका काचेच्या पेटीतून पाण्यात उतरू द्या

विज्ञान प्रदर्शनात किंवा एखाद्या दालनात ठेवलेली युद्धनौकेची प्रतिकृती देखणी असते, पण तिला तरंगायचे नसते. त्यामुळे तिचे वजन किती, भार कुठे आहे, वळताना ती किती कलेल, हे कुणी विचारत नाही. रेडिओ नियंत्रणावर चालणारी छोटी युद्धनौका बांधणाऱ्याला यातला एकही प्रश्न चुकवता येत नाही. त्याच्या कामातली प्रत्येक ढिलाई पाणी लगेच दाखवून देते. म्हणूनच हा छंद काही हौशी लोकांपुरता न राहता आपल्या शाळांत यावा, असे मला मनापासून वाटते.

दीवजवळच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’चेच उदाहरण घ्या. लांबी सुमारे ९४ मीटर, पूर्ण भारासह वजन साधारण १,४५० टन. १:१०० प्रमाणात तिची लांबी ९४ सेंटिमीटर होते. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटते, म्हणजे दहा लाखांश होते: जेमतेम दीड किलो. कवच, मोटार, बॅटरी, रिसीव्हर, सुकाणू फिरवणारी सर्वो मोटार, तोफा, डोलकाठी हे सारे त्या दीड किलोत बसवायचे. रंगाचा जादा हातसुद्धा हिशेबात धरावा लागतो. वजन बसले तरी ते कुठे बसले हा प्रश्न उरतोच. वरचे मजले जड झाले तर नौका पहिल्याच वळणावर आडवी होते. म्हणून वरचा भाग बाल्सा लाकडाचा किंवा पातळ प्लास्टिकचा करतात आणि बॅटरी तळाशी ठेवतात. वेगाचा नियम तर आणखी गमतीचा आहे. लांबी शंभरपट कमी झाली, तर लाटांचा आकार खऱ्या नौकेसारखा दिसण्यासाठी वेग फक्त दहापट कमी करायचा असतो. ‘खुकरी’च्या वर्गातल्या नौका २७ नॉट वेगाने जात, प्रतिकृतीने ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने जावे. वर्गमूळ आणि घनफळ यांचा इतका रोखठोक उपयोग शालेय गणितात क्वचितच दिसतो.

वेगाचा हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचा. त्याने १८७०च्या दशकात टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून मेणाच्या प्रतिकृती त्यातून ओढल्या आणि मोठ्या जहाजाला किती विरोध होईल याचे गणित मांडले. त्याच सुमारास, सप्टेंबर १८७० मध्ये, ब्रिटिश युद्धनौका ‘एचएमएस कॅप्टन’ वादळात उलटली आणि सुमारे पाचशे माणसे बुडाली. बांधताना वजन आराखड्यापेक्षा वाढले होते, त्यामुळे तिचा काठ पाण्यापासून ठरल्यापेक्षा खाली आला होता. त्यावर शिडांच्या उंच डोलकाठ्यांचा भार. तिची कल्पना मांडणारा काउपर कोल्स तिच्यावरच होता, तोही गेला. जादा वजन आणि वर गेलेला भार ही तिची दुखणी प्रतिकृती बांधणाऱ्यालाही रोज भेटतात.

मुलांच्या हाती युद्धनौका का द्यायची, हा आक्षेप मी हलका मानत नाही. नुसती तोफांची हौस असेल तर तो रास्तच आहे. पण ‘खुकरी’ बांधणाऱ्या मुलाला तिच्यासोबत १९४ अधिकारी आणि नौसैनिक गेले हेही कळणार, आणि हे जहाज किती नाजूक तोलावर उभे होते हे त्याच्या बोटांना समजलेले असणार. अशा मुलाला युद्ध सोपे वाटेल, असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. मोठ्या, तपशीलवार प्रतिकृतींना तो खरोखर जबर असतो. शाळेला त्यांची गरज नाही: प्लायवूड, बाल्सा, छोटी मोटार आणि खेळण्यातल्या गाडीचा रिमोट एवढ्यावर पहिली नौका तरंगते, आणि एक नौका पाच-सहा मुलांनी मिळून बांधावी. संगणकावर हे सारे करता येते, असेही म्हणतील. येते, तरी विशाखापट्टणमच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आजही लांब हौदातून प्रतिकृती ओढून चाचण्या होतात.

सुरुवात कोऱ्या पाटीवर करायची नाही. एनसीसीच्या नौदल शाखेत छात्र जहाजांच्या प्रतिकृती बांधतात आणि नौसैनिक शिबिरात त्यांच्या स्पर्धा होतात. पण हे शिक्षण त्या शाखेपुरतेच राहते. विनाशिका आणि पाणबुड्या बांधणारी माझगाव गोदी मुंबईत आहे. तिथल्या निवृत्त कारागिरांना शाळांनी बोलवावे आणि महापालिकांनी तरणतलाव आठवड्यातून एक सकाळ या नौकांसाठी मोकळे ठेवावेत. विज्ञान प्रदर्शनातही रंगकामाच्या आधी तराजू आणि पाण्याचा हौद हवा: नौका सरळ तरंगली का, पाणरेषा जागेवर आली का आणि वळताना ती सावरली का, यावर गुण द्यावेत.