शब्दांचा प्रवास आणि भाषेचे कुळ

जपानी भाषेत 'चांगले' या अर्थी 'ई' म्हणतात आणि तुर्कस्तानच्या तुर्कीत त्याच अर्थी 'इयी' म्हणतात. जपानी 'सुइ' म्हणजे पाणी, तुर्की 'सु' म्हणजेही पाणी. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, दोन्हींत प्रत्ययाला प्रत्यय जोडून लांबलचक रूपे सिद्ध होतात, दोन्हींत नामाला लिंग नाही. एवढी सामग्री हाती आली की अनेक उत्साही अभ्यासक निष्कर्षाला पोहोचतात: जपानी आणि तुर्की या एकाच मातेच्या लेकी. या निष्कर्षाशी माझे भांडण आहेच. परंतु तो ज्या रीतीने काढला जातो त्या रीतीशी ते अधिक आहे. कारण तीच रीत आपल्या भारतीय भाषांच्या, आणि विशेषतः मराठीच्या, बाबतीतही राजरोस चालते.

प्रथम हे दोन शब्दच तपासून पाहू. जपानी 'ई' हे आधुनिक रूप 'योइ'पासून आले आणि त्याचे प्राचीन रूप 'योशि'. तुर्की 'इयी' मागे नेत गेले तर आपण प्राचीन तुर्कीतील 'एद्गू'पाशी पोहोचतो. 'सुइ' हा शब्द जपानीचा नव्हेच; तो चिनीतून घेतलेला. पाण्याला अस्सल जपानी शब्द 'मिझु'. तुर्की 'सु'चे जुने रूप 'सुब'. तात्पर्य, आपण जसजसे मागे जातो तसतशी ही रूपे एकमेकांपासून दूर सरकतात. सगोत्र शब्दांचे लक्षण याच्या नेमके उलट असते: मागे जाता जाता ते परस्परांच्या जवळ आले पाहिजेत. फ्रेंच पंडित आंत्वान मेये यांनी दाखवून दिले की 'दोन' या अर्थाचा आर्मेनियन शब्द 'एर्कु' आणि लॅटिन 'दुओ' हे एकाच मुळाचे आहेत, कारण त्यांना जोडणारे ध्वनिपरिवर्तन इतर शब्दांतही त्याच नियमाने घडलेले दिसते. याउलट आपल्या 'बदनाम'मधील फार्सी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचे रूप सारखे, अर्थ सारखा, आणि नाते मात्र काहीही नाही. व्युत्पत्तिशास्त्रात कानाची साक्ष ग्राह्य धरली जात नाही. नियमाची धरली जाते.

या प्रश्नाचा गंभीर अभ्यास झालाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १७३० मध्ये स्ट्रालेनबर्ग याने रशियाच्या पूर्वेकडील भाषांचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न केला, तेव्हापासून ही चर्चा चालू आहे. विसाव्या शतकात रामस्टेट या फिनलंडच्या विद्वानाने तुर्की, मंगोल आणि तुंगुस भाषांचे 'अल्ताई' कुळ कल्पून त्याला शास्त्रीय बैठक देण्याचा यत्न केला व कोरियन भाषाही त्यात आणली. हे गृहस्थ फिनलंडचे राजदूत म्हणून जपानमध्ये राहिले होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे १९६० मध्ये पोपे यांनी अल्ताई भाषांचे तुलनात्मक व्याकरण सिद्ध केले आणि १९७१ मध्ये रॉय अँड्रू मिलर यांनी जपानीला याच कुळात स्थान देणारा ग्रंथ लिहिला. त्यांची उदाहरणे 'सुइ'–'सु' इतकी भाबडी नाहीत. 'दगड' या अर्थी तुर्की 'ताश', चुवाश 'चुल', कोरियन 'तोल' आणि जपानी 'इशि'. उन्हाळ्याला तुर्की 'याझ' आणि जपानी 'नात्सु'. हे शब्द वरवर पाहता भिन्न आहेत आणि म्हणूनच विचारार्ह आहेत. तुर्कीतील 'श' जेथे, तेथे चुवाशमध्ये 'ल', ही जोडी इतर शब्दांतही आढळते. अडचण येते ती जपानीपाशी. 'इशि'च्या आरंभी कधीकाळी एक व्यंजन होते आणि ते गळून पडले, असे तेथे गृहीत धरावे लागते. 'याझ'मधला 'य' पूर्वी अनुनासिक होता, असेही मानावे लागते. एकेक गृहीतक असंभाव्य नसते. परंतु प्रत्येक शब्दासाठी नवे गृहीतक लागू लागले की नियम उरत नाही, केवळ सवलत उरते.

ही सवलत कोठवर जाते ते २००३ साली स्तारोस्तिन, दिबो आणि मुद्राक यांनी तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या अल्ताई व्युत्पत्तिकोशात दिसते. त्यात सुमारे २८०० मूळ शब्द पुनर्रचित केले आहेत. या परिश्रमांपुढे नम्र व्हावे. परंतु परिश्रम हे प्रमाण नव्हे. अर्थ सैल धरला आणि ध्वनींना मुभा दिली, तर जगातील कोणत्याही दोन भाषांचा असा कोश होऊ शकेल, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो. वाचकांनी स्वतःच पडताळा घ्यावा. तुर्कीत काळ्याला 'कारा' म्हणतात, जपानीत 'कुरो'. सुंदर साम्य! पण तमिळमध्ये 'करु' म्हणजे काळे आणि आपल्या मराठीत तर साक्षात 'काळा' आहे. मग इस्तंबूलपासून टोकियोपर्यंतच्या या कुळात मदुराई आणि पुणे यांनाही पंगतीला बसवायचे काय? जी कसोटी कोणालाच बाहेर ठेवीत नाही ती कसोटीच नव्हे.

दुसरा युक्तिवाद व्याकरणाचा. १९०८ मध्ये फुजिओका कात्सुजी यांनी जपानी आणि उराल-अल्ताई भाषांची तुलना करण्यासाठी १४ लक्षणांची यादी मांडली. शब्दारंभी 'र' नसणे हे त्या यादीतील एक प्रसिद्ध लक्षण. तुर्कीने फार्सी 'रोजा' घेतला आणि त्याचा 'ओरुच' केला. आरंभीचा 'र' तिला सोसवेना. जुन्या अस्सल जपानी शब्दांतही आरंभी 'र' नाही. परंतु भारतीय वाचकाला हे नवल वाटू नये. तमिळनेही 'रामन'चा 'इरामन' केला आहे. क्रियापद शेवटी ठेवणे, नामामागून शब्दयोगी अव्यय लावणे, ही लक्षणे तर मराठी, कन्नड आणि तमिळ या तिन्हींत आहेत. १९५६ मध्ये एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, हे सप्रमाण मांडले. भिन्न कुळांच्या भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या की त्यांची ठेवण सारखी होते. मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद द्राविडी शेजाराचा परिणाम मानला जातो. त्यावरून मराठीला कोणी कन्नडची कन्या ठरवीत नाही. जो नियम आपण घरात पाळतो तो मध्य आशियात का मोडावा?

खरी परीक्षा मूलभूत शब्दांची. संख्या घ्या: तुर्की 'बिर, इकी, उच', अस्सल जपानी 'हितो, फुता, मी'. अवयव घ्या: डोळा 'गोझ' आणि 'मे', कान 'कुलाक' आणि 'मिमी'. रक्ताला एकीकडे 'कान', दुसरीकडे 'चि'. क्लॉसन यांनी १९५६ मध्येच अल्ताई सिद्धान्तावर बोट ठेवले ते अशाच शब्दांच्या अभावामुळे. यात भर म्हणजे पुराव्याची खोली. ओरखोन खोऱ्यातील कुल तिगिनचा शिलालेख ७३२ सालचा आणि 'कोजिकी' हा जपानी ग्रंथ ७१२ सालचा. दोन्ही भाषा सलग लेखनात आठव्या शतकात बोलू लागतात, आणि कल्पित मूळ भाषा मात्र त्याच्या कित्येक सहस्र वर्षे मागे ठेवावी लागते. मराठीच्या अभ्यासकाला 'ज्ञानेश्वरी'पासून महाराष्ट्री प्राकृतापर्यंत आणि तेथून वैदिक भाषेपर्यंत उतरण्यासाठी जिना आहे. येथे केवळ वरची एक पायरी आहे आणि खाली अंधार आहे.

मग जपानी आणि तुर्की यांत समान उगमाचे शब्दच नाहीत काय? आहेत, आणि त्यांची व्युत्पत्ती निःसंशय आहे. तुर्फानच्या वाळूत सापडलेल्या बौद्ध हस्तलिखितांतील जुन्या उइगुर भाषेत 'निर्वान' आहे, 'बोदिसत्व' आहे. जपानीत 'नेहान' आहे, 'बोसात्सु' आहे. हे शब्द आपल्याच संस्कृतातून निघाले आणि तोखारी, चिनी अशा मध्यस्थ भाषांच्या ओठांवरून दोन दिशांना गेले. तुर्की शब्दही असेच आपल्याकडे आले: 'कैची', 'चकमक', 'तोफ', 'बेगम', आणि 'नगारची'मधला 'ची'. म्हणून मराठी तुर्की होत नाही, उइगुर भारतीय होत नाही. शब्दाचा उगम एक असणे वेगळे आणि भाषेचा उगम एक असणे वेगळे. पहिल्यात भिक्षू, व्यापारी आणि सैनिक यांच्या पायपिटीचा इतिहास आहे, आणि तो रक्ताच्या नात्याहून कमी मोलाचा नाही.

तरीही माणसांना रक्ताचेच नाते हवे असते. १९३६ मध्ये तुर्की भाषा-परिषदेत 'सूर्यभाषा' सिद्धान्त मिरवला गेला. जगातील सर्व भाषा तुर्कीपासून निघाल्या, असे तो सांगत होता. अतातुर्क यांच्या १९३८ मधील निधनानंतर तो मावळला. जपानमध्ये सुसुमु ओनो यांच्यासारख्या जुन्या जपानीच्या खऱ्या जाणकाराने १९८०च्या सुमारास जपानीचे नाते तमिळशी जोडले. तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. आपल्याकडे मात्र त्याचे स्वागत झाले. त्या दशकात मी नवखा अध्यापक होतो. मीही वर्गात तमिळ-जपानी शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांच्या टाळ्या मिळवल्या आहेत. एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही की नियम कोणता, आणि मीही स्वतःला विचारले नाही. पुढे अनेक वर्षांनी एका प्रबंधाचा परीक्षक या नात्याने मराठी आणि परदेशी शब्दांच्या अशाच जोड्यांचे एक संपूर्ण प्रकरण माझ्यासमोर आले, तेव्हा माझाच फळा मला परत मिळाल्यासारखे वाटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्राचीनत्वाची स्पर्धा लागली की जोड्यांच्या याद्या वाढतात आणि ज्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ व कृ. पां. कुलकर्णी यांचा 'व्युत्पत्तिकोश' कपाटात धूळ खातात, ही भीती अनाठायी नाही.

वाद मिटला आहे, असेही मी म्हणत नाही. २०२१ मध्ये मार्टीन रोबेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ भाषा, पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र यांची सांगड घालून या भाषांचा उगम सुमारे ९००० वर्षांपूर्वी पश्चिम लियाओ नदीकाठच्या बाजरीवर्गीय धान्ये पिकविणाऱ्या शेतकऱ्यांत शोधला. २०२२ मध्ये त्या तिन्ही आधारांवर सविस्तर आक्षेप घेतले गेले. शेतकऱ्यांचे स्थलांतर सिद्ध झाले तरी ते कोणती भाषा बोलत होते हे धान्याचे दाणे सांगत नाहीत. अलेक्झांडर वोविन हे आरंभी अल्ताई सिद्धान्ताचे समर्थक होते. पुरावा तपासत गेल्यावर २००५ मध्ये त्यांनीच त्याविरुद्ध कठोर लेख लिहिला. मत बदलण्याचे हे धैर्य मला कोणत्याही व्युत्पत्तिकोशाहून अनुकरणीय वाटते.

'अद्याप सिद्ध झालेले नाही' हे वाक्य आपल्या अभ्यासकांना पराभवासारखे वाटते. वस्तुतः ते शास्त्राचे वाक्य आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने जपानी आणि तुर्की यांचा प्रश्न जरूर अभ्यासावा. परकी उदाहरणावर अभिमानाचा भार नसतो, म्हणून पद्धती शिकण्यासाठी ते अधिक सोयीचे. आणि ती पद्धती आत्मसात झाली की तिच्याच कसोटीवर त्याने आपल्या मातृभाषेविषयीचे दावे घासून पाहावेत, आपल्या अध्यापकाने फळ्यावर लिहिलेले दावेसुद्धा.