फुकटचं खत, फुकटची बाई

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. होऊन मी यवतमाळला कामाला लागले त्याला फार दिवस झाले नव्हते. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. विषय होता, 'बिनखर्चाचं खत, घरचं बी, घरची भाजी'. मी पोस्टर लावलं, फळ्यावर नाडेप खताच्या टाक्याची आकृती काढली आणि मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मावशी, याला पैसा लागतच नाही. सगळं फुकट!"

मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरी, थ्या टाक्याले पानी किती लागते?"

मी वही बघून सांगितलं, "दीड ते दोन हजार लिटर."

"आन् आमचा गुंड पंधरा लिटरचा. म्हंजे शंभरावर खेपा झाल्या. हापशी गावाच्या थ्या टोकाले. मंग फुकट कसं वं माय?"

बायका हसल्या, मीही हसले आणि पुढचं पोस्टर लावलं. सगळ्यांना बियाण्याची पाकिटं वाटली, फोटो काढले. सहा महिन्यांनी परत गेले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच बागा उरल्या होत्या. कुठे शेळ्यांनी खाल्लं होतं, कुठे पाण्यावाचून वाळलं होतं. अहवालात मी लिहिलं, 'महिलांमध्ये सातत्याचा अभाव आढळला.' ते वाक्य आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. म्हातारीने हिशोब मांडून दाखवला होता आणि मी तो विनोद समजून सोडून दिला होता.

आता तो हिशोब नीट करू या. नाडेप खत हे आपल्याच जिल्ह्याचं देणं आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. जमिनीवर विटांचं साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं बांधायचं. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोकं ठेवायची. आत काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थरावर थर द्यायचे, वरून शेणामातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. यातली मोठी गोष्ट अशी, की साधारण शंभर किलो शेणात जवळपास तीन टन खत होतं. ज्या घरी एकच गाय आहे, त्या घरालाही हे जमावं असा त्यामागचा विचार. त्या विचाराबद्दल मला आदरच आहे.

पण टाक्यात काय काय जातं ते पाहा. चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, सोळाशे-सतराशे किलो माती, वर दीड-दोन हजार लिटर पाणी. कचरा वेचून डोक्यावर आणणं, माती चाळणं, पाणी भरणं, ही कामं आपल्या गावांत कोण करतं? विटा आणि गवंडी यांचे पैसे आपण धरतो. बाईच्या खेपा धरत नाही, आणि मग त्याला 'कमी खर्चाचं तंत्रज्ञान' म्हणतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनमजुरीच्या कामात बाईचे दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८ मिनिटं, असं दिसून आलं. परसबागेचं काम आपण या २८९ मिनिटांवर आणखी चढवतो. निंदणाला जाणारी बाई सकाळी सातला घर सोडते, दिवेलागणीला परत येते. रोपांना पाणी घालायला सांगताना ती वेळ कुठून आणणार, हे आम्ही कार्यकर्त्या कधी विचारत नाही.

मग परसबाग सोडून द्यायची का? नाही, मुळीच नाही.

आपल्या जिल्ह्यात वावरात कापूस आणि सोयाबीन, आणि भाजी आठवडी बाजारातून. पूर्वी पऱ्हाटीच्या तासांमध्ये बायका तूर, अंबाडी, चवळी, तीळ टोबत. दोन भाकरींबरोबरची भाजी तिथून निघे. त्याचं बी मडक्यात राखेत घालून बायकाच जपत. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, बियाण्याची पाकिटं आली, पुढे तणनाशकाची फवारणी वाढली. तणनाशकाला अंबाडी आणि तण यांतला फरक कळत नाही. बाईच्या हातातलं बी गेलं आणि बी केव्हा, किती पेरायचं हे ठरवण्याचा तिचा शब्दही गेला. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून 'बिनविषाची भाजी' हे शब्द इथे शहरी हौस म्हणून कोणी बोलत नाही. घरामागे चार वाफे असले, तर लेकरांच्या ताटात भाजी पडते, हातात चार पैसे राहतात, आणि बी पुन्हा बाईच्या मडक्यात येतं. म्हणून बाग हवीच. पण ती बाईला झेपेल अशी आणि तिच्या हक्काची हवी.

झेपेल अशी म्हणजे कशी? गेल्या काही वर्षांत बायकांकडूनच मी शिकले, ते सांगते.

दहा फुटांचं टाकं सोडा. न्हाणीच्या पाण्याजवळ तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागा घ्या. तुराट्यांचा कूड करून कमरेइतका ढीग रचा. यापेक्षा लहान ढीग नीट तापत नाही आणि खत व्हायला वेळ लागतो. तळाला पऱ्हाटीच्या काड्या, म्हणजे खालून हवा राहते. त्यावर वीतभर कुटार किंवा वाळका पाला, मग ओलं तण आणि भाजीची देठं, मग बादलीभर पाण्यात कालवलेलं टोपलंभर शेण, वर दोन मुठी जुनं खत. असे थर चढवत जा. शेण वावरात जात असेल तर शेळीच्या लेंड्या घ्या. शेळ्या बहुधा बाईच्याच असतात, तिथे कोणाला विचारावं लागत नाही. ढिगावर ओलं पोतं टाका. ओल पाहायची तर मूठभर घेऊन दाबा. हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. पंधरा-वीस दिवसांनी ढीग वरखाली करा. हे काम जोर लागणारं आहे, ते घरच्या पुरुषांनी करावं. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत मिळतं. तणनाशक फवारलेलं गवत मात्र ढिगात घालू नका आणि गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटून टाका.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल धरते. खत मिसळलं की ती मोकळी होते, पाणी मुरतं आणि ओल टिकते. पावसाळ्यात वाफा वीतभर उंच करा, नाहीतर मुळं सडतात. झाडाबुडी पाल्याचं आच्छादन दिलं तर पाण्याच्या खेपा कमी होतात. बाईच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता बी. भेंडी, गवार, चवळी, सांबार, पालक, ढेमसं, लवकी हे जागेवरच लावायचं. लवकी, कोहळं यांचं जाड बी रात्रभर भिजवून लावलं की लवकर उगवतं. वांगी, टमाटे, मिरची यांची मात्र आधी रोपं करायची. माती, चाळलेलं खत आणि रेती सारख्या मापाने घ्या. जुनं टोपलं, फुटका माठ, तेलाचा डबा काहीही चालेल. खाली भोकं पाडायला विसरू नका. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतलेला असला तरी वापरू नका. त्यात पाणीही भरू नका. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमी खोल रेघ ओढून पातळ बी टाका, वर खत भुरभुरा, कुटाराने झाका. कोंब दिसताच झाकण काढा. पाणी भोकं पाडलेल्या डब्याने, थोडं थोडं द्यावं. रोपं एका रात्रीत बुडातून कोलमडतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने आणि दाटीने. टमाट्याचं रोप चार आठवड्यांत, वांगी-मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतं. लावणी संध्याकाळी करावी.

जुन्या बियाचा भरवसा नसेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं. पुढच्या सालासाठी बी धरायचं तर ते गावरान वाणाचंच धरा. संकरित पाकिटाचं बी दुसऱ्या वर्षी मूळ झाडासारखं येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच घरी जपत बियाण्याची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे ज्ञान आहे. आपण मात्र अजून अशा बायकांना 'लाभार्थी' म्हणतो.

इथवरचं सगळं प्रशिक्षणात सांगता येतं. जे सांगत नाहीत ते आता सांगते.

माझ्या ओळखीची एक मैत्रीण आहे. नवरा गेला, दोन लेकरं, मजुरीवर घर. सासरच्या घरामागे मुरमाड, दगडगोट्यांची जागा पडून होती. तिने दोन वर्षं तिथे खत घातलं, दगड वेचले. तिसऱ्या वर्षी वांगी अशी लागली की घरी खाऊन ती बाजारात विकू लागली. त्याच उन्हाळ्यात दिराने तिथे टिनाचं शेड टाकलं. ती बोलली तर उत्तर मिळालं, "जागा तुया बापाची हाय काय?" ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमी माती सुधराले शिकवलं. माती कोनाची, थे काहून नाई शिकवलं?"

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. दगड होते तोवर ती जागा कोणाला नको होती. माती झाल्यावर मालक आले. तेव्हापासून खताच्या प्रशिक्षणात मी पहिला तास कागदांवर घेते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मिळकतीत विधवा पत्नी ही मुलं आणि सासू यांच्या बरोबरीची वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आपल्या कोलाम, गोंड मैत्रिणींना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांची वाट अजून कठीण आहे. तरी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या दाव्यात, स्त्री म्हणून वाटा नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे, असा निकाल दिला. तो आपल्या उपयोगाचा आहे.

शेताचा सातबारा सगळ्यांना माहीत असतो. घर आणि घरामागची जागा यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते, ती किती जणींनी पाहिली आहे? २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार होत आहेत. त्यावर कोणाचं नाव चढतं आहे? नवरा गेलेल्या बाईने वारस नोंदीचा अर्ज ताबडतोब द्यावा. एकटीने जाऊ नये, गटाने जावं. नवरा हयात असेल तर नमुना आठवर दोघांची नावं लावून घ्यावीत. कागदावर नाव आलं म्हणजे भांडण मिटतं असं नाही. पण भांडायला पाय ठेवायला जागा मिळते.

आणि मजुरीचं काय? नाडेपचं टाकं रोजगार हमीच्या कामांच्या यादीत आलं होतं. म्हणजे हे काम मजुरीचं आहे हे सरकारने एकदा मान्य केलेलं आहे. मग तेच काम परसबागेच्या योजनेत आलं की फुकटचं कसं होतं? बियाण्याच्या पाकिटांवर खर्च करणाऱ्या योजनांनी आधी पाण्याचा नळ घरापर्यंत आणावा, कुंपणाला पैसे द्यावेत, टाकं भरण्याचे दिवस मजुरीचे धरावेत. आणि घरातल्या पुरुषांना प्रशिक्षणाला बोलवावं. भाजी तेही खातात.

माझ्यासारख्या कार्यकर्त्यांना एवढंच म्हणायचं आहे. पुढच्या प्रशिक्षणात 'फुकट' हा शब्द तोंडून काढू नका. फळ्यावर टाक्याची आकृती काढाल तेव्हा शेजारी पाण्याच्या खेपा मांडा, त्या कोण भरणार ते लिहा आणि जागा कोणाच्या नावावर आहे तेही लिहा. मी त्या गावात परत गेले तेव्हा तसं लिहिलं. म्हातारीने फळा पाहिला आणि म्हणाली, "आता बराबर झालं. आता सांग, खत कसं करतेत थे."