अस्तर नळीला, कामगाराला काय?

खारपाणपट्ट्यातील माणसाला गंज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. अकोट तालुक्यातील खारे पाणी लोखंड खाते. पिण्यासाठी वान धरणाचे गोडे पाणी नळाने आणणारी 84 खेडी योजना उभारावी लागली. याच वऱ्हाडातील तरुण शेती परवडेना म्हणून तारापूर-डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत शिरतो, तेव्हा आम्ल वाहणाऱ्या नळ्यांखाली त्याला राबावे लागते.

त्या गंजावर विज्ञानाने उपाय दिला आहे. पोलादी नळीला आतून प्लॅस्टिकचे अस्तर द्यावयाचे. दाब पोलादाने सोसावा, आम्ल अस्तराने. यासाठी वापरले जाणारे टेफ्लॉन 1938 सालीच सापडले. अशी नळी बसविली की सुरक्षितता आली, मग निरीक्षकाचा ससेमिरा कशाला, असा युक्तिवाद भांडवलदार वर्ग करतो. तो फसवा आहे.

अस्तरही झिजते, उष्णतेने फुगते, नळीत निर्वात पोकळी झाली तर आत ढासळते. म्हणून बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्र ठेवलेले असते. तेथून थेंब पाझरला की अस्तर फाटले असे समजावे. ते छिद्र रंगाने बुजले तर पोलाद आतून सडत जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. हा थेंब प्रथम दिसतो तो कामगाराला. परंतु ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, तो काम थांबवा असे कोणत्या बळावर म्हणणार?

भोपाळमध्ये 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायू जाळणारा मनोरा बंद होता. त्याची गंजलेली नळी काढली होती, नवी बसविली नव्हती. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद होती. उपाय ठाऊक होते. ते अमलात आणविण्याची सत्ता कामगारांच्या हाती नव्हती. हजारो माणसे मेली.

त्यानंतर 1987 मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला. धोकादायक कारखान्यांत मालक व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. त्या तत्त्वावर आता पाणी सोडता कामा नये. प्रत्येक नळीच्या तपासणीची नोंद समितीपुढे आलीच पाहिजे, ठेकेदारी कामगाराला तीत स्थान हवे आणि धोका दिसताच काम थांबविणाऱ्याच्या नोकरीला संरक्षण हवे. कार्यकर्त्यांनी ही मागणी कारखान्याच्या दारात आणि अकोटच्या गावागावांत एकाच वेळी नेली पाहिजे. कारण दारात मरणारा मुलगा या गावांचाच असतो.