काळ्या वाळूतलं गोरेपण

या वीकेंडला रत्नागिरीला जाताय? मग सनस्क्रीनबरोबर बॅगेत एक लोहचुंबकही टाका. का, ते सांगते.

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, पांढरा आणि काळा. पाणी तेच, फरक वाळूचा. इथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज सापडतं. साध्या वाळूपेक्षा ते जवळपास पावणेदोन पट जड. त्यामुळे लाट परतताना हलके कण घेऊन जाते, जड मागे उरतात. आजी तांदूळ रोळून खडे काढायची ना? सेम फंडा!

मी पिशवीत चुंबक गुंडाळून वाळूत फिरवलं, तर त्याला चक्क काळी दाढी फुटली. हे कण बहुतेक मॅग्नेटाइटचे. इल्मेनाइट जरा भाव खातं, त्याला कारखान्यातलं तगडं चुंबकच लागतं. पुढे ते सल्फ्युरिक अॅसिडमध्ये विरघळवून त्यातलं लोह बाजूला काढतात आणि शेवटी मिळते पांढरीशुभ्र पावडर, टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, कित्येक सनस्क्रीनमध्ये तीच! खाण्याच्या पदार्थांतून मात्र युरोपियन युनियनने तिला २०२२ मध्ये हद्दपार केलंय.

आता खरी गोची. समुद्राने फुकटात निवडून ठेवलेला माल उचलायचा मोह कुणालाही होईल. पण पावसाळ्यात लाटांचा पहिला मार हीच वाळू खाते. ती गेली, की मार गावाला. वाळूतून टायटॅनियम वेगळं काढता येतं हो, पण गावापासून किनारा कसा वेगळा काढणार?