मातीचे कबूतर : पर्याय आला, पक्षी वाचले का?

१/७
मोकळ्या माळावर एक जण लांब दांड्याच्या टोकाशी चकती अडकवून हात झटक्याने फिरवतो. चकती गरगरत आकाशात झेपावते आणि किंचित पुढे उभा असलेला जोडीदार छऱ्यांच्या बंदुकीने ती फोडतो. या चकतीला इंग्रजीत आजही ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीचे कबूतर, म्हणतात. हे नाव आले कुठून?

२/७
एकेकाळी लक्ष्य खरोखरच कबूतर होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरे पेटीत कोंडली जात. दोरी ओढली की पेटी उघडे, पक्षी उडे आणि बार होई. चकती सोडण्यासाठी नेमबाज आजही ‘पुल’, अर्थात ‘ओढ’, असाच पुकारा करतो.

३/७
पुढे काचेचे पोकळ गोळे आले. पण काचांचा खच पडे. १८८० मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीच्या चकतीचे पेटंट घेतले. पाण्यावर शिंपल्यांच्या भाकऱ्या काढणारी मुले पाहून त्याला ती सुचली, अशी आख्यायिका आहे. आजची चकती मात्र डांबरी पदार्थ आणि चुनखडीच्या भुकटीची असते.

४/७
‘चकती आली आणि कबुतरे सुटली’ ही गोष्ट सुखद आहे. पण ती अपुरी आहे. लिगोव्स्कीच्या पेटंटनंतर अवघ्या वर्षभरात, १८८१ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील नेमबाजी मेळाव्यासाठी सुमारे २०,००० पॅसेंजर कबुतरे आणली गेली. मेळावा भरवणाऱ्या संघटनेच्या नावातच ‘मासे व शिकारयोग्य प्राण्यांचे संरक्षण’ होते!

५/७
१९०० मध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली. ब्रिटनने असा खेळ कायद्याने थांबवला तो १९२१ मध्ये. म्हणजे चकतीचे पेटंट आणि ही बंदी यांत ४१ वर्षे गेली.

६/७
त्याआधीच, १ सप्टेंबर १९१४ रोजी, शेवटचे पॅसेंजर कबूतर ‘मार्था’ मरण पावले. तेही लिगोव्स्कीच्याच सिनसिनाटीतील प्राणिसंग्रहालयात. या प्रजातीच्या नाशाचा मुख्य दोष बाजारासाठी झालेल्या शिकारीचा आणि जंगलतोडीचा. नेमबाजीचा वाटा त्यामानाने लहान. पण तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा होता.

७/७
म्हणून श्रेय केवळ शोधाला देणे ही इतिहासाची दिशाभूल आहे. पर्याय हाताशी असूनही माणसे जुन्या सवयी सोडत नाहीत. त्यासाठी लोकमताचा रेटा आणि कायदा लागतो. चकतीचे ते विसंगत नाव मात्र बदलू नये. आपण कोणाच्या जागी फुटतो आहोत, हे तेवढेच सांगते.