आजोबांची चाळिशी, नातीचा चष्मा

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसा खटला चालला होता. आरोपी होती त्यांची दहा वर्षांची कन्या. अपराध असा कीं, शाळेंतील फळ्यावरचीं गणितें ती चुकीचीं उतरवून आणते. वडिलांनीं तिला निष्काळजी ठरवून मोकळें केलें होतें. आजोबा मात्र म्हणाले, "पोर पुस्तकांतलें एक अक्षर चुकत नाहीं, मग फळ्याशींच तिचें वैर कां?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर प्रकाशशास्त्रांत आहे, आणि तें वाचकांना घरच्या घरीं पडताळून पाहतां येईल.

वाचनाचें भिंग घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीपाशीं उभें राहावें, व तें भिंतीपासून हळूहळू दूर न्यावें. एका ठराविक अंतरावर खिडकी, तिचे गज, बाहेरचें झाड हीं सर्व भिंतीवर रेखीव, परंतु उलटीं उमटतील. डोळ्यांतही हेंच घडतें. किरण प्रथम बुबुळावरील पारदर्शक पटलांत बरेचसे वळतात, मागील भिंगांत आणखी वळतात, आणि सुमारें २४ मिलिमीटर लांबीच्या नेत्रगोलाच्या तळाशीं, दृष्टिपटलावर, एकत्र येतात. तेथील प्रतिमा उलटी असते, हें केप्लर ह्या जर्मन ज्योतिर्विदानें १६०४ सालीं दाखविलें. तिचा अर्थ मेंदू लावतो, म्हणून जग आपणांस सुलटच दिसतें.

आतां खिडकीऐवजीं जवळ ठेवलेल्या दिव्याची प्रतिमा पाडून पाहावी. भिंग भिंतीपासून अधिक दूर न्यावें लागतें. डोळ्याला आपलें भिंग असें सरकवितां येत नाहीं. तो तें फुगीर करून काम भागवितो. ही गोष्ट टॉमस यंग ह्यानें १८०१ सालीं सिद्ध केली. लहानपणीं हें भिंग इतकें मऊ असतें कीं, चार बोटांवर धरलेलें अक्षरही स्पष्ट दिसतें. वयोमानानें तें ताठर होतें, आणि चाळिशी उलटतां उलटतां वर्तमानपत्र धरलेला हात लांब लांब जाऊं लागतो. आपल्या भाषेनें चष्म्यालाच 'चाळिशी' म्हटलें, तें उगाच नव्हे! आजोबांच्या चष्म्यांतील बहिर्गोल कांच त्या थकलेल्या भिंगाला हातभार लावते.

नातीचें दुखणें ह्याच्या नेमकें उलट. तिचा नेत्रगोल किंचित् लांब वाढलेला होता. त्यामुळें दूरचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येत, व पटलावर नुसता धूसर ठसा पडे. एका मिलिमीटरच्या वाढीनें अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. पुस्तक मात्र जवळचें. तें तिला उत्तम दिसे, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाहीं.

तपासणीची खोली लहान होती. अक्षरांचा तक्ता मुलीच्या डोक्यामागें, व आरसा समोर तीन मीटरांवर. ती म्हणाली, "आरसा तर इथेंच आहे, मग अक्षरें पुसट कां?" कारण वस्तु आरशाच्या जितकी पुढें, तितकीच तिची प्रतिमा मागें भासते. डोळ्याच्या लेखीं तक्ता सहा मीटर दूर होता. आरशांत डावें-उजवें पालटूं नये म्हणून त्यावरील अक्षरें मुद्दाम उलटीं छापलेलीं होतीं.

तिला अंतर्गोल कांचेचा चष्मा मिळाला. दोन्ही चष्मे वर्तमानपत्रावर थोडे उंच धरून पाहावे: आजोबांच्या कांचेखालीं अक्षर मोठें दिसतें, नातीच्या कांचेखालीं लहान. एक किरणांना जवळ आणते, दुसरी त्यांना पांगविते. म्हणून एकाचा चष्मा दुसऱ्यानें लावूं नये.

"एवढ्या लहान वयांत चष्मा? त्यानें नंबर वाढेल," अशी आजीबाईंना धास्ती वाटली. परंतु नंबर वाढतो तो वाढत्या वयांत नेत्रगोल लांबत गेल्यामुळें. योग्य नंबराच्या चष्म्यामुळें नव्हे. मुलांनीं रोज मोकळ्या उजेडांत खेळल्यास हा दोष जडण्याचा संभव कमी होतो, असें अलीकडील संशोधनांत दिसून आलें आहे.

चष्मा लावून ती अंगणांत आली आणि आंब्याकडे पाहत म्हणाली, "बाबा, तुम्हांला इथून पानें वेगवेगळीं दिसतात? रोजच?" वडील कांहीं बोलले नाहींत. जिला पुसट जगच खरें वाटत होतें, तिनें तक्रार तरी कशी करावी? म्हणून फळ्यावरचें चुकलें तर मुलाला दोष देण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावे, हें प्रत्येक पालकाचें कर्तव्य होय.